किरकोळ

मागच्या महिन्यात साताऱ्याला गेले होते तेव्हा माळा आवरायला काढला. काढायचा नव्हता खरंतर, पण पावसाच्या आधी कौलं बघायला येणारा माणूस दुपारी येतो म्हणाला आणि आईने सकाळपासून धोशा लावला, तो वर चढला की काय म्हणेल, काय म्हणेल. तो काय म्हणणार, त्याने उभ्या पेठेतले माळे बघितलेत. पण आईपुढे कोण बोलणार, ओढणी कमरेला बांधली आणि चढले. वर नेहमीचंच सगळं. एक घंगाळ, दादाचा ड्रॉइंग बोर्ड, गणपतीच्या मखराचं थर्माकोल (हे नक्की कोण आणि का जपून ठेवतं), आणि पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत शंभर पानी वह्या, मागे पाढे छापलेल्या. मला वाटलं आपल्याच शाळेच्या असतील, उघडून बघते तर वाण्याच्या.

म्हणजे खात्याच्या वह्या हो. उधारीच्या. आम्ही उधारी म्हणायचो नाही, बाबांना आवडायचं नाही, 'खातं' म्हणायचं. एक वही दुकानात आणि एक घरात, सामान आणायला गेलं की घरातली पिशवीत घालून न्यायची, आप्पा दोन्हीत लिहिणार, एक तारखेला बाबांचा झेडपीतला पगार झाला की बेरीज आणि मग नवीन पान.

कौलंवाला आला, वर चढला, काही म्हणाला नाही, गेला. मी मात्र संध्याकाळपर्यंत ट्रंकेला टेकून वह्याच वाचत बसले.

आप्पांचं दुकान आमच्या चिमणपुऱ्यातल्या घरापासून उताराने चालत दोन मिनिटं, येताना चढ म्हणून चार. पाटीवर 'किराणा, भुसार व जनरल' असं होतं. त्यातलं जनरल म्हणजे काय हे मला फार दिवस कळत नव्हतं, आणि जनरल म्हणजे गोळ्यांच्या बरण्या असं मी आपलं ठरवून टाकलं होतं. गोणपाटाची तोंडं बाहेरून दुमडून ठेवलेली पोती, त्यात गहू, ज्वारी, शेंगदाणे. वर आढ्याला दोऱ्याचं रीळ टांगलेलं, पुडा बांधताना आप्पा न बघता हात वर करायचे आणि दोरा बरोब्बर हातात यायचा. तिरक्या मानेने तराजूचा काटा बघायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, ते दुपारपर्यंत घामाने दोनावर यायचे. ते बसायचे तिथे समोर फळीवर बरण्या ओळीने, काचेच्या, पत्र्याच्या लाल झाकणाच्या, आणि ती फळी बरोब्बर माझ्या नाकाच्या उंचीची. दुकान बांधणाऱ्याने पोरांचं माप घेऊनच बांधलं असणार.

बरण्यांचा क्रम मला आजही येतो. पहिली लिमलेटच्या गोळ्यांची, मग संत्र्याच्या फोडींची, त्या एकमेकींना चिकटलेल्या असायच्या आणि आप्पा बरणी दांडक्यासारखी मांडीवर आपटून सोडवायचे. मग जिरागोळी. मग पोंगे, बोटात घालून खायचे, काही गावात याला बॉबी म्हणतात म्हणे, पुण्यात हॉस्टेलला एकदा मी पोंगे म्हटलं तर पोरी हसल्या होत्या. पाच बोटांत पाच पोंगे घालून कुठल्या बोटापासून सुरुवात करायची याचे नियम होते, माझा करंगळीपासून, अंगठा शेवटी. अंगठ्यातला सगळ्यात आधी मऊ पडतो हे मला कळत होतं तरीही. नियम म्हणजे नियम.

आणि शेवटची बरणी, आप्पांच्या उजव्या हाताशी, श्रीखंडाच्या गोळ्यांची.

ज्यांनी खाल्लीय त्यांना मी काय सांगणार आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून काय उपयोग. फिकट पिवळी, जराशी भुसभुशीत, आधी आंबट लागते की गोड यावर माझं आणि दादाचं भांडण होतं. श्रीखंडासारखी ती अजिबात लागत नाही. म्हणजे पाडव्याला घरी चक्का टांगून केलेलं श्रीखंड आणि ही गोळी यांची ओळखच नाही एकमेकांशी. पण मला पाडव्याच्या श्रीखंडात सुद्धा कुठेतरी ती गोळी शोधायची सवय लागली होती आणि ती सापडायची नाही म्हणून मी पहिल्या वाटीनंतर ताटावरून उठायचे, आणि आई म्हणायची हिला गोड आवडत नाही. बरं.

ही गोळी चावायची नाही. हा माझा आजही हट्ट आहे, कुठलीही गोळी चावायची नाही, विरघळू द्यायची, गालात या बाजूला थोडा वेळ, त्या बाजूला थोडा वेळ. नवरा लिमलेटची गोळी तोंडात टाकली की कडाड्कन फोडतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, बाकी बऱ्याच गोष्टींवर समझोता झाला, यावर नाही झालेला. त्याला म्हटलं पाव किलो खडीसाखरच घे ना मग. तर म्हणाला, गोळी खायला वेळ कोणाला आहे. पण वेळ लागतो म्हणून तर गोळी ना! दुकानापासून चढ चढून घरापर्यंत एक गोळी बरोब्बर पुरली पाहिजे, दारात आल्यावर तोंड रिकामं, जीभ बाहेर काढून दाखवायला तयार. यात विज्ञान होतं.

रंगीत काही खाल्लं तर पकडली जायचे. पेप्सीचं तेच झालं, ती प्लास्टिकच्या नळीतली बर्फाची, आठ आण्याची, नंतर त्याच नावाचं कोल्ड्रिंक आलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं आपल्याच पेप्सीला चांगले दिवस आले. ती गटाराच्या पाण्याची करतात अशी आईची ठाम माहिती होती. हीच माहिती माझ्या वर्गातल्या प्रत्येकीच्या आईकडे होती, आणि या सगळ्या बायका कुठे भेटून हे ठरवायच्या कोण जाणे. तर एकदा मी नारिंगी खाल्ली, तोंड पुसलं, जीभ विसरले. मार नाही पडला, पण रात्री बाबांना सांगितलं गेलं, आणि बाबा पेपर खाली न करता म्हणाले, "गटार नारिंगी कसं असेल?" तिथे विषय संपला, पण आई दोन दिवस बोलली नाही. बाबांशी. माझ्याशी बोलत होती.

फँटम सिगरेट पण मिळायची आप्पांकडे. पांढरी कांडी, टोकाला लाल. पोरं दोन बोटांत धरून कट्ट्यावर बसायची. मी एकदा तसं करताना शेजारच्या आजोबांनी बघितलं, ते खरी ओढायचे, दारामागे, आजींना चोरून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यानंतर आमचं एकमेकांशी फार चांगलं जमायला लागलं.

तर खात्याचं.

रोख पैसे आमच्या हातात कुठे यायचे. दहा पैसे, वीस पैसे, ती हलकी अ‍ॅल्युमिनियमची नाणी, वीसचं षटकोनी, दहाचं नागमोडी काठाचं, पाचचं चौकोनी. आंधळी कोशिंबीर खेळताना सुद्धा खिशात हात घालून ओळखता यायची. १९८८ नंतर स्टीलची गोल आली आणि ही मजा संपली. पण तेही रोज नाही, पाहुणे आले तर, किंवा आजी कमरेची पिशवी सोडायची तेव्हा. रोजच्या रोज हातात असायची ती वही. आणि मला वाटतं तिसरीत असेन, आईने आलं आणायला पाठवलं होतं, आलं घेतलं, आप्पा म्हणाले, "आणिक काय?" ते सगळ्यांनाच म्हणायचे, सवय. मी म्हटलं, "श्रीखंडाची गोळी एक. खात्यावर."

तोंडातून निघून गेलं आणि मग भीती वाटली. आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. मागे एक बाई उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघितलं. मग बरणीचं झाकण फिरवलं, गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि वहीत लिहिलं. मी चढावर कोपऱ्यावर थांबून वही उघडली. मला वाटलं गोळी असं लिहिलं असणार, बाबा वाचणार आणि संपलं. लिहिलं होतं, आलं ०.५०, आणि खाली, किरकोळ ०.१०.

त्या वयात मला किरकोळचा अर्थ माहीत नव्हता. मला वाटलं हे श्रीखंडाच्या गोळीचं वाण्यांच्या भाषेतलं नाव आहे. खरंच. पुढे वर्षभर तरी मी दुकानात जाऊन ऐटीत म्हणायचे, "आप्पा, एक किरकोळ." आणि आप्पा एका शब्दाने काही न बोलता उजव्या हाताची बरणी उघडायचे. मग पाचवी-सहावीत मराठीच्या बाईंनी कुणाच्या तरी निबंधावर 'किरकोळ चुका आहेत' असा शेरा मारला तेव्हा मला काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा.

एक तारखेला रात्री जेवण झाल्यावर बाबा पेन्सिल घेऊन वही उघडायचे आणि मोठ्याने वाचायचे. साखर, बरोबर. गोडेतेल, बरोबर. चहापावडर पुन्हा? आई आतून म्हणायची, तुमचेच मित्र येऊन बसतात. काडेपेटी, बरोबर. मी तोपर्यंत अंथरुणात, पांघरूण डोक्यावरून. किरकोळ. इथे बाबा थांबायचे. "हे किरकोळ म्हणजे काय? चौदा वेळा आहे." आणि आई भांडी पालथी घालता घालता, अगदी सहज, "असतं हो काहीतरी, घरात लागतंच." बाबांची पेन्सिल बरोबरची खूण करायची. पांघरुणाखाली माझा जीव भांड्यात.

मला कायम वाटत आलं की आईला काय ते माहीत होतं आणि तिने मला वाचवलं. दहा-वीस पैशांसाठी पोरीला कशाला बोलायचं असं. ही गोष्ट मी लग्न झाल्यावर सासरी सुद्धा सांगितलीय, आमची आई कशी, याचं उदाहरण म्हणून.

गोळ्यांच्या कंपन्या तेव्हा कोण बघायचं, पण एक रावळगाव माहीत होतं, पान पसंदमुळे आणि मँगो मूडमुळे. पाहुणे आले की त्यांच्या खिशातून निघायची ती. हे खरंच गाव आहे, मालेगाव तालुक्यात, हे मला कॉलेजात नाशिककडची मैत्रीण मिळाली तेव्हा कळलं. मला रावळगाव म्हणजे नुसतं गोळीचं नाव वाटायचं, किरकोळसारखंच. वालचंद हिराचंदांनी १९३३ साली तिथे साखर कारखाना काढला आणि पुढे १९४२ पासून गोळ्या करायला लागले. २०२४ च्या फेब्रुवारीत ते सगळे ब्रँड रिलायन्सने घेतले, २७ कोटींना. मी बातमी वाचली आणि पहिला हिशोब काय केला, तर चार आण्याला एक या आमच्या भावाने किती गोळ्या होतात. १०८ कोटी. जपाच्या माळेचा आकडा आला म्हणून मी नवऱ्याला उठून सांगायला गेले, तो म्हणाला छान. त्याला काय, तो चावणारा माणूस.

चार आणे तरी आता कुठे आहेत, २०११ च्या ३० जूननंतर चालायचेच बंद झाले. मधली काही वर्षं मेडिकलवाले सुट्ट्याच्या ऐवजी गोळ्या हातावर टेकवायचे, न विचारता, त्याचा मला भयंकर राग यायचा. गोळी अशी नाइलाजाने दिलेली खायची नसते. पर्समध्ये साठायच्या, उन्हात चिकटायच्या, रिक्षाचे पैसे काढताना बोटाला लागायच्या. आता तेही नाही, कोड स्कॅन करायचा, त्र्याण्णव रुपये म्हणजे त्र्याण्णव. कोणाकडे कोणाचं काही राहात नाही. चांगलंच आहे म्हणा.

तर वह्या. ट्रंकेत सात होत्या. सगळ्यात जुनी १९८४ ची, सगळ्यात नवीन १९९४ ची, त्यानंतर बाबांनी खातं बंद केलं, राजवाड्याजवळच्या ग्राहक भांडारातून महिन्याचं भरायला लागले. आप्पांना वाईट वाटलं असणार. अक्षर बघत बसले मी त्यांचं, टाकासारखं जाड-बारीक, सगळे शब्द तोडून लिहिलेले, 'शें.दाणे', 'गो.तेल', 'सा.बुदाणा', आणि किरकोळ मात्र पूर्ण, कुठेही न तोडता. १९८६ मध्ये ०.१०, मग ०.२०, दादाचं आणि माझं मिळून असेल तेव्हा ०.४०, दादा १९९० ला सांगलीला इंजिनिअरिंगला गेला की एकदम निम्म्यावर आलं. मला इतकं हसू आलं. दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे तोही! दादाला लगेच पानाचा फोटो पाठवला, त्याने फक्त एक अंगठा पाठवला. तो आता फार बोलत नाही, पण अंगठा लगेच आला.

मग शेवटची वही. मी १९९३ च्या जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलला गेले. तारीख पक्की आठवते कारण त्या दिवशी एसटी स्टँडवर बाबांनी मला पन्नास रुपये जास्तीचे दिले आणि आईला सांगू नको म्हणाले, आणि आत बसल्यावर आईने खिडकीतून पन्नास दिले आणि बाबांना सांगू नको म्हणाली. तर जून संपला. जुलैचं पान उलटलं. साखर एक किलो, घरात माणसंच दोन राहिली, सामान लगेच अर्ध्यावर आलेलं दिसत होतं, ते बघून जरा कसंतरी झालं. आणि खाली, दि. ४/७/९३, किरकोळ ०.५०.

मी पान मागे-पुढे केलं. ७/७/९३, किरकोळ ०.५०. ११ ला. १२ ला. ऑगस्ट, सप्टेंबर, दिवाळीचं मोठं सामान, त्यातही सगळ्यात खाली. मार्च ९४ पर्यंत, वही संपेपर्यंत, दर तीन-चार दिवसांनी पन्नास पैसे. दोन गोळ्या. आणि प्रत्येकावर पेन्सिलची बरोबरची खूण.

बाबा असतील का? बाबांना सुपारी लागायची, पण ती आप्पा सुपारी म्हणूनच लिहायचे. शिवाय बाबा दुकानात जायचेच नाहीत, त्यांना तिथे उभं राहायचा संकोच वाटायचा. आता बाबांना विचारता येत नाही, नऊ वर्षं झाली.

खाली आले. आई पाटावर बसून चिंच फोडत होती, अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, पण चिंचोके वेगळे काढायला अजून चष्मा लागत नाही. मी वही तिच्यासमोर धरली. म्हटलं, "आई, मी पुण्याला गेल्यावर हे किरकोळ कसलं गं?"

तिने बघितलं. वही हातात नाही घेतली, हात चिंचेचे होते.

"असेल काहीतरी," म्हणाली. "काडेपेटी असेल."

आणि माझ्याकडे न बघता पुढचा आकडा फोडायला घेतला, वर म्हणाली की तो कौलंवाला पैसे किती म्हणाला ते तू विचारलंच नाहीस, माळ्यावरच बसून राहिलीस.

४/७/९३ च्या पानावर किरकोळच्या बरोब्बर वरच्या ओळीत आप्पांनी लिहिलंय, काडेपेटी १ नग. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी निघताना राजवाड्यापाशी एका दुकानात श्रीखंडाच्या गोळ्यांचं पाकीट मिळालं, आता प्लास्टिकच्या पाकिटातच येतात, ते घेऊन परत चढ चढून घरी गेले आणि तिच्या औषधाच्या डब्याशेजारी ठेवलं. ती म्हणाली, हे कशाला आणलंस, मला कुठे गोड आवडतं.